वितळलेली कुपी

कुपी जागेवर होती, पण आतला तुकडा कामातून गेला होता.

डॉ. पांग यांनी यंत्राचा पडदा पुन्हा पाहिला. आरएनएचा पार भुगा झाला होता. हा तुकडा छी युलानच्या जठरातला. जठर तर शस्त्रक्रियेत कापून टाकलेलं, म्हणजे दुसरा नमुना मिळायची सोय नव्हती.

युलान एकतीस वर्षांची. आरएनएवर मिथाइलच्या रासायनिक खुणा चढवणारी नि पुसणारी जनुकं असतात. ती किती जोरात आहेत यावरून जठराचा कर्करोग पुढे कसा वागेल, याचा अंदाज बांधता येतो. अंदाज वाईट निघाला, तरच नव्या औषधाच्या चाचणीत जागा. यादी आज संध्याकाळी बंद होणार होती. वाईट बातमीची वाट पाहणारी अशी पेशंट डॉ. पांगनी पहिल्यांदाच पाहिली होती.

"मला खरं ठाऊक आहे, हे घरी मात्र कळू देऊ नका हं, डॉक्टर," युलान म्हणाली होती. "बाबांनी मला अल्सर सांगितलाय. मीही 'बरं' म्हटलं. त्यांना तेवढाच आधार."

आमच्या चीनच्या फूच्यान किनाऱ्यावर ही रीतच आहे. रोग्याला सोडून सगळ्या गल्लीला रोग ठाऊक असतो.

शीतपेटी बिघडली होती का? नाही. शेजारच्या कुप्या ठणठणीत होत्या. म्हणजे ही एकच कुणीतरी काढली, वितळवली आणि परत ठेवली. चाव्या दोघांकडे होत्या: तरुण संशोधक छिउ आणि पेटी सांभाळणारे यौ काका.

छिउ आधी आला.

"बत्तीस नंबरची ही कुपी बिघडवून तुझा काय फायदा?"

"फायदा? माझा प्रबंध बोंबलला, मॅडम! आणि बिघडवायचीच असती तर कचऱ्यात टाकली असती. परत कशाला ठेवू?"

कार्ट्याचा प्रश्न बरोबर होता. ज्याला फेकवत नाही, असा हा कसला चोर?

मग यौ काका आले. तळहातावर पट्टी होती.

"हाताला काय झालं?"

"पेज उतू गेली. भाजलं."

"बत्तीस नंबर तुम्ही काढला होता?"

"छे! शेकडो कुप्या. कुठली कुणाची, मला काय ठाऊक?"

"त्या पेशंटचं आता अवघड आहे, काका."

"अवघड कसलं? अल्सरच तर आहे..."

काका थांबले. डॉ. पांगनी उठून दार लावलं.

"या पेटीत कॅन्सरशिवाय काही ठेवत नाहीत, हे नव्या पोरांना तुम्हीच सांगता. बत्तीस नंबरच्या रोग्याला अल्सर आहे, असं फक्त तिच्या घरात म्हणतात. पट्टी सोडा."

कातडी पांढरीफटक आणि कडक झाली होती.

"हे पेजेने भाजलेलं नाही. गोठलेली कुपी उघड्या मुठीत धरली की असं होतं. परक्याने ती फेकून दिली असती. तुम्हाला टाकवली नाही. पण तिचं आडनाव छी..."

"घरजावई आहे मी. लेकीला आईचं आडनाव." काकांचा आवाज फाटला. "रिपोर्ट थेट तिच्या फोनवर जातो, मॅडम. वाईट आकडा वाचून पोर भीतीनेच मेली असती. हातमोजे घालणार होतो. पण लेकीला हातमोज्यांनी कसं धरू?"

डॉ. पांगना राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. उरलं ते फक्त वाईट वाटणं. युलानला दिलेला शब्द त्यांना मोडावा लागला.

"काका, तिला सगळं माहीत आहे. चाचणीसाठी अर्ज तिनेच केला. तो आकडा वाईट निघाला असता तर तिला औषध मिळणार होतं."

काका भिंतीला टेकले.

"दुसरा तुकडा?"

"नाही."

"माझा घ्या. रक्त एकच आहे."

"तसं होत नाही, काका."

संध्याकाळी काका पेजेचा डबा घेऊन वॉर्डात गेले. डॉ. पांग सोबत होत्या. आज खरं सांगायचं ठरलं होतं. पण डबा उघडतानाच काकांना रडू फुटलं.

युलानने बापाचा चेहरा पाहिला, मग हातावरची पट्टी. काय समजायचं ते ती समजली. तिने त्यांना बसायला जागा करून दिली.

"बाबा, असे रडता काय?" ती म्हणाली. "अल्सरच तर आहे."