नविनच्या पाळीतलं निळं पाणी

तलासरीच्या कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत पूर्वी नावाची नवी केमिस्ट रुजू झाली आणि पहिल्याच सकाळी दारात तिची नविनशी टक्कर झाली. बॉयलरवर काम करणारा हा चिंचणीचा तरुण पाण्याची बाटली छातीशी धरून उभा होता.

"पाणी सांडलं नाही, मॅडम."

"आणि मी पडले असते तर?"

"तुम्हाला धरलं असतं ना..."

तो हसला आणि बाईसाहेबांचं चित्त जे थाऱ्यावरून उडालं ते उडालंच.

काम तसं सरळ होतं. बॉयलरच्या शुद्ध पाण्याचा नमुना घेऊन त्यात तपासणीची औषधं टाकायची. सिलिका असली की निळसर छटा येते, ती यंत्रावर मोजायची. अब्ज भागांत वीस भाग चालतात. त्याहून जास्त झाली तर वाफेबरोबर जाऊन टर्बाईनच्या पात्यांवर थर धरते. इतरांच्या पाळीत आकडा बारा आणि नविनच्या पाळीत रोज पस्तीस! साहेब म्हणाले, "शनिवारपर्यंत कारण सापडलं नाही तर त्याला कामावरून काढा."

पूर्वी पार गोंधळली. पाणी वाईट, की त्याचा नमुना तपासताना आपलंच लक्ष उडतं म्हणून...? तिने तीनदा तपासलं. तीनदा निळंच.

शुक्रवारी ती बॉयलरवर जाऊन उभी राहिली. नविन घरून आणलेल्या काचेच्या बाटलीतलं पाणी तिच्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतत होता.

"हे कधी भरलं?"

"पाळी सुरू झाली तेव्हाच." त्याने मान खाली घातली. "पहाटे आईबरोबर बोंबील वाळत घालतो. हाताला वास राहतो... तुमची बाटली हातात धरून ठेवली तर प्लास्टिकला बसेल ना. म्हणून काच."

"अहो, काचेतच सिलिका असते. तीच इतक्या तासांत पाण्यात उतरते."

नविनचा चेहरा पडला. "म्हणजे चूक माझीच. लिहा तसं."

तिने वहीत लिहिलं : नमुना काचेत घ्यायचा नाही हे प्रयोगशाळेने सांगितलं नव्हतं.

"हे तर तुमच्यावर येईल..."

"येऊ दे. खरं तेच लिहिलंय."

साहेबांची बोलणी तिने खाल्ली. नविनची नोकरी टिकली. शनिवारी त्याच्या पाण्याचा आकडा अकरा आला, तेव्हा तिने सरळ त्याचा हात हातात घेतला.

"वास येतोय ना?" तो पुटपुटला.

"येतोय."

"मग सोडा की, मॅडम..."

"पूर्वी म्हण. आणि नाही सोडणार. आईंना कधी भेटवतोस?"