उत्तरेच्या भिंतीवरची फळी

मर्ल पास्को यांची बोटं रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या फळीवर खालून वर चढायची. पाच खाचा. लेक रॉबिन पाच वर्षांची असल्यापासून नऊची होईपर्यंत, दर वाढदिवसाला तिच्या उंचीची एक. मग नदीनं रॉबिनला नेलं. त्याला त्रेचाळीस वर्षं झाली.

त्या रविवारी बोटं वर सरकली ती सरकतच गेली. खाचाच नव्हत्या.

मर्ल नुकत्याच बहिणीकडं दोन दिवस राहून परतल्या होत्या. फळी कुणीतरी बदलली होती, आणि रंग असा बेमालूम जुळवला होता की धडधाकट डोळ्यांचे शेजारीही फसले. मर्ल फसल्या नाहीत. त्यांना मोतीबिंदू, त्या बघतच नव्हत्या.

ऑस्ट्रेलियातल्या त्या मेरीबरो गावात रंग जुळवून द्यायचं काम नेरिडा क्वेलचं. सोमवारी तिचं रंगाचं दुकान भरलेलं असताना ती म्हणाली, "मर्लकडची मागची नवी खोली रंगारी विलियामीनं रंगवली. त्या घराच्या रंगाशी जुळणारा डबा गावात एकट्या त्याच्याकडंच. बोला."

लोक बोलले. मंगळवारी दुपारपर्यंत गावातल्या क्लबानं विलियामीला दिलेलं रंगकाम काढून घेतलं.

तो दुकानात आला आणि उरलेला डबा गल्ल्यावर आपटला. "शुक्रवारी गाव सोडतोय. बायकोला आता पावाच्या दुकानातही टोमणे मारतात."

"फळी तू काढलीस?"

"कशाला काढू? लाकूड खातो काय मी?"

नेरिडाला हसू आलं नाही. विकलेल्या प्रत्येक रंगाचा ठिपका ती वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढं लावून ठेवी. वही तिनं आज उघडली. सोमवारी तोंड उघडण्याआधी उघडायला हवी होती. विलियामीचा हिरवा ठिपका बघितला. खालच्या ओळीतला दुसरा हिरवा ठिपका बघितला.

"डबा घे," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

मर्ल पायरीवर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा गार्थ, छप्पन वर्षांचा, घटस्फोटानंतर आईकडं परत आलेला, चहा घेऊन बाहेर आला. नवी खोली त्याच्यासाठीच बांधली होती. फाटकाशी लाल टपालपेटी ऊन खात होती.

नेरिडानं विलियामीला विचारलं, "मला दाखवायला रंगाचा टवका कुठून काढला होतास?"

"दक्षिणेकडून. नवी खोली जोडली तिथून. तूच म्हणतेस ना, जिथं ब्रश लागणार तिथलाच टवका आण."

"डब्याचं झाकण फळीला लाव."

त्यानं लावलं. झाकणावरचा हिरवा गडद, फळीवरचा फिका.

"दक्षिणेची भिंत सावलीत, तिथला रंग टिकला," नेरिडा म्हणाली. "ही उत्तरेची; आपल्याकडं सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून दिवसभर उन्हात. विलियामीच्या डब्यातला रंग इथं ठिगळासारखा उठून दिसला असता. फळी ज्यानं रंगवली त्यानं टवका याच भिंतीचा आणला होता. गार्थ, गुरुवारी छोटा डबा कशासाठी नेलास?"

"सांगितलं होतं की. टपालपेटीला."

"ती अजून लालच आहे."

गार्थनं कप पायरीवर ठेवला.

"फळी तू जाळली नाहीस," नेरिडा हळू आवाजात म्हणाली. "खाचा नुसत्या मोडायच्या असत्या, तर त्यांत पुट्टी भरून वर रंग मारला असतास. अख्खी फळी उपसणारा माणूस ती जपून ठेवतो. कुठं आहे?"

"पलंगाखाली. चादरीत." तो आईकडं बघेना. "नदीवर तिच्याकडं लक्ष ठेवायला मला सांगितलं होतंस, आई. मी मासे धरत बसलो. आता इथं राहायला आलो, तर रोज सकाळी तुझा हात पाचव्या खाचेवर थांबतो आणि तू लगेच हाक मारतेस, 'गार्थ, उठलास का रे?' रोज, आई. मला वाटायचं, हिशोब मागतेस."

मर्लनी चाचपत त्याचा हात धरला.

"वेड्या," त्या म्हणाल्या, "एक गेली तिच्यावरून हात फिरवला, की दुसरा आहे ना घरात, एवढंच बघायचे मी."

गार्थ खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

फाटकाबाहेर आल्यावर नेरिडा अडखळत म्हणाली, "विलियामी, माझं चुकलं. माफ कर."

"इथं कोण ऐकतंय?" त्यानं झाकण डब्यावर दाबून बसवलं. "उद्या दुकानात सांग. गर्दी असताना. सोमवारी काढलास तेवढाच आवाज काढून."