लाल साचा आणि खाजऱ्या चादरी

"उंडे पाव घेतले, केळी घेतली, पाणी घेतलं. आता गोड्या तळ्यावर जायला कोणी अडवलं तर बघच!" साईशनं पिशवी खांद्यावर मारली.

"तुला अडवायला कोण बसलंय? आधी पायात चपला तर घाल!" सिद्धी म्हणाली.

साईश नाताळच्या सुट्टीत साखळीहून हरमलला मावशीकडे आला होता. सिद्धी त्याची मावसबहीण. तिच्या आईनं, मनीषामावशीनं, घरामागे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. तिसरी कोमल. तिची आई रुक्मिणीकाकी मूळची सावंतवाडीकडची. सगळ्या खोल्यांच्या चादरी आणि अभ्रे तीच धुवायची. मायलेकी विहिरीजवळच्या खोलीत राहायच्या. ती खोलीसुद्धा मावशीचीच.

तिघं फाटकाशी पोचतात न पोचतात तोच मागच्या खोल्यांतून किंकाळी आली.

"ढेकूण! अहो, तुमच्या गादीत ढेकूण आहेत ढेकूण!"

कोपऱ्यातल्या खोलीत उतरलेल्या पुण्याच्या बाई धावतच बाहेर आल्या. मान, पाठ, कोपर, जिथे हात पोचेल तिथे त्या कराकरा खाजवत होत्या. त्यांचे यजमान मागून आले आणि दाराच्या चौकटीला पाठ घासू लागले. शी! बघवत नव्हतं.

मनीषामावशीनं गादी उलटीपालटी करून पाहिली, उशा झटकल्या. एकही ढेकूण नाही! आदल्या दिवशी दुसऱ्या खोलीतले पाहुणे असेच खाजवत, पैसे परत मागून निघून गेले होते. मावशीचं डोकं तापलं.

"रुक्मिणी! इकडे ये. दाखव हात!"

रुक्मिणीकाकीनं पदराला पुसत हात पुढे केले. कोपरापर्यंत लाल चट्टे उठले होते.

"बघा! हिच्या हातांनाच रोग आहे आणि हेच हात आमच्या चादरींना!"

पाहुणे होते, शेजारी होते, फाटकाशी पाव घेऊन आलेला पदेर होता. त्या सगळ्यांसमोर मावशी हे बोलली. रुक्मिणीकाकीचा चेहरा एवढासा झाला.

"वैनी, देवाची आण, माका कसलो रोग नाय. ह्या चादरी धुतल्यावरच हात असे होतत."

"ते मला नको सांगू. शनिवारी म्हापशाचा लाँड्रीवाला येतोय, त्याच्याशी ठरवून टाकते. तू दुसरीकडे काम बघ. खोलीसुद्धा."

कोमल वळली आणि विहिरीकडे चालू लागली. सिद्धी मागे धावली.

"कोमल, थांब गो!"

"तुझी आई माझ्या आईला रोगी म्हणाली," कोमल म्हणाली. "सगळ्यांसमोर! शाळा सुरू झाल्यावर मी कुठे असेन, तेही मला माहीत नाही."

सिद्धीची मान खाली गेली. आई चुकली होती, आणि चुकलेली आई कुणाला आवडते? ती म्हणाली, "शनिवारच्या आत शोधून काढू. तळं गेलं खड्ड्यात!"

"आणि उंडे?" साईशनं विचारलं.

"खा तू!"

साईश खरोखरच खायला बसला. तो उपाशीपोटी विचार करू शकत नसे.

शोध लावायची पद्धत अगदी किळसवाणी निघाली. दुसरं काही सुचेना, म्हणून तिघं एकेका धुतलेल्या चादरीला गाल घासत सुटली. सकाळी वाळून घडी घातलेल्या चादरी मऊसूत. दुपारी वाळलेल्या चादरींना गाल लावला मात्र, साईश ओरडला, "आयो! खाजकुयली!"

"खाजकुयली असती तर कुसं दिसली असती," कोमल म्हणाली. तिच्या गालावर लाल रेघ उठली होती. "पाणी तेच, साबण तोच, दोरी तीच. मग सकाळी चांगल्या आणि दुपारी वाईट कशा?"

"दुपारी काय बदलतं?" सिद्धी पुटपुटली, आणि एकदम तिनं कपाळावर हात मारला. "वारा! सकाळी तो डोंगराकडून येतो, दुपारी समुद्राकडून!"

तिघांनी एकदमच समुद्राच्या दिशेला पाहिलं. दोरीपलीकडे काजूची दोन झाडं आणि झाडांमागे दत्तूमामाची शेड. आतून आवाज येत होता, घर्रर्रर्र!

दत्तप्रसाद म्हणजे मनीषामावशीचा धाकटा आणि भारी लाडका भाऊ. गाड्यांचे हौशी बंपर, बॉनेट, मडगार्ड तो घरच्या घरी फायबरचे बनवायचा. सकाळी दहापर्यंत घोरायचा आणि जेवण झालं की कामाला लागायचा.

तिघं शेडमध्ये शिरली आणि नाक दाबून तिथेच थबकली. काय तो वास! डोळ्यांत पाणी आणणारा, घशात जाऊन बसणारा. जमिनीवर चिकट डाग, त्यांना चिकटलेले केस आणि मेलेले मुंगळे. एका डब्यात रेझिन नावाचं चिकट रसायन वाळून दगड झालं होतं आणि त्यात मनीषामावशीची पेज वाढायची कुलेर उभीच्या उभी रुतली होती. मेजावर मामाचा चहा. चहावर धुळीची पांढरी साय! आणि तिघांच्या देखत मामानं बोटानं ती साय बाजूला केली आणि कप तोंडाला लावला.

"शी मरे, मामा!" साईशला ओकारीच आली.

"काय झालं? चहाच आहे!" मामा हसला. त्याच्या भुवयांवर, मिशीवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरा थर बसला होता. तोंडाला साधा रुमालही नाही. "या, या, बघा! परेश म्हणून गिऱ्हाईक आहे, त्याच्या गाडीचा बंपर. हे थर्माकोल आणि लांबी, म्हणजे पुटी, लावून केलेलं मूळ रूप. याला मेण चोपडायचं, वर रेझिन, मग काचेच्या धाग्यांची ही चटई. सुकलं की उचकटून काढायचं आणि कडा मशीननं घासायच्या. झाला साचा! एका साच्यातून हवे तेवढे बंपर!"

"आणि हे काय?" कोमलनं बोट दाखवलं. साच्याच्या आत, कडक झालेल्या थरात, एक झुरळ होतं. मिशांसकट.

"पडलं असेल. रंगाखाली कोण बघतंय?"

सिद्धीनं सरळ सांगितलं, "मामा, ही काचेची धूळ दोरीवरच्या चादरींवर जाते. पाहुण्यांना त्यानंच खाज येते. रुक्मिणीकाकीचं काम जातंय तुझ्यामुळे!"

मामाचं हसू विझलं. "माझी धूळ खालीच पडते. उगाच माझ्यावर घालू नका."

"मग दुपारच्या चादरीवर झोपून दाखव!" साईश म्हणाला.

"आण चादर!"

मनीषामावशीला बोलावलं गेलं. मामानं सदरा काढला, ओसरीवर चादर पसरली आणि आडवा झाला. तिघं टक लावून बसली. आता खाजवेल, मग खाजवेल! कसलं काय? थोड्याच वेळात मामा घोरायला लागला. वर्षानुवर्षं ती धूळ अंगावर घेऊन त्याची कातडी निबर झाली होती. त्याला खाजकुयलीत लोळवलं असतं तरी तो जागा झाला नसता.

"बघितलंत?" मावशी म्हणाली. "माझ्या भावावर आळ घेताना लाज नाही वाटली?"

दुसऱ्या दिवशी कोमलच्या घरात सामानाच्या पिशव्या भरायला सुरुवात झाली. रुक्मिणीकाकी हातांना खोबरेल लावून चादरी तशाच धूत होती. शनिवारपर्यंतचं काम आपलं आहे, ते नीटच करायचं, असं तिचं म्हणणं. कोमल पायरीवर बसून होती.

"धूळ पांढरी, चादर पांढरी," ती चिडून म्हणाली. "दिसणार कशी?"

तेवढ्यात शेडमधून मार्तुलाचे, म्हणजे हातोडीचे, घाव ऐकू आले आणि पाठोपाठ मामाच्या शिव्या. तिघं धावली. साच्यातला नवा बंपर सुटता सुटत नव्हता. मेण संपलं म्हणून मामानं काटकसर केली होती. आता साचा कुठे संपतो आणि बंपर कुठे सुरू होतो, तेच त्याला कळेना. दोन्ही एकाच पांढुरक्या रंगाचे. मामानं रागारागानं घाव घातला आणि साचा बंपरसकट दुभंगला.

सिद्धीनं कोमलकडे पाहिलं. कोमलनं सिद्धीकडे पाहिलं.

"मामा," सिद्धी अगदी मधाळ आवाजात म्हणाली, "नवा साचा करशील ना? तो लालभडक कर! रेझिनमध्येच रंग घाल. साचा लाल, बंपर पांढरा. मग कुठे पाचर मारायची ते लगेच दिसेल."

मामा बघतच राहिला. "अगो! डोकं आहे हां तुला! लाल रंगाचा डबा पडलाय माझ्याकडे."

"सगळाच घाल," साईश म्हणाला. "लाल म्हणजे कसा लाल दिसायला हवा!"

मामा इतका खूश झाला की तिघांना चहा देऊ लागला. तिघं पळत सुटली.

शनिवारी दुपारी म्हापशाचा लाँड्रीवाला आला. अंगणात खुर्ची टाकून मावशीनं त्याला चहा दिला. पुण्याच्या बाईही येऊन बसल्या, कारण आता चादर कोण धुणार हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. शेडमध्ये घरघर सुरू झाली होती. मामा सुकलेल्या साच्याच्या कडा घासून घेत होता.

"शेवटच्या चादरी आहेत. नीट धुतल्यात म्हणे. नमुना दाखवते तुम्हाला," मावशी उठली. दोरीपाशी गेली आणि तिथेच थांबली.

पांढऱ्याशुभ्र चादरींच्या समुद्राकडच्या बाजूवर कुणी गुलाल उधळावा तशी लाल भुकटी बसली होती. उन्हात ती बारीक चकाकत होती.

"हे काय?" मावशीनं बोट फिरवलं. फिरवलं आणि लगेच खाजवायला लागली.

घरघर थांबली. शेडमधून मामा बाहेर आला. लाल भुवया, लाल मिशी, लाल कान. बोलण्यासाठी तोंड उघडलं तर दातसुद्धा लाल! त्यानं दोरीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मामा, धूळ खालीच पडते ना रे?" साईशनं विचारलं.

"शी! शी! शी!" पुण्याच्या बाई उठूनच उभ्या राहिल्या. "म्हणजे आठवडाभर मी काचेवर लोळतेय? आणि त्या बिचारीला दोष दिलात?"

लाँड्रीवाल्यानं कप खाली ठेवला. "ही काच मी माझ्या मशीनमध्ये घालणार नाही, बाई. तुमची धोबीण बरी, निदान तिनं इतके दिवस सोसलं. ही शक्कल कुणाची पण?"

"यांची," मामा कसाबसा म्हणाला. "रंग घालायला यांनीच सांगितलं."

"शाबास!" बाई म्हणाल्या. "पोलिसांना सुचलं नसतं हो!"

मावशीनं सिद्धीला जवळ ओढलं. "हुशार गो माझी बाय! कोमल, तूसुद्धा..."

"मला नको शाबासकी," कोमल म्हणाली. "आईला सगळ्यांसमोर रोगी म्हणालात. आता सगळ्यांसमोर नाही म्हणा."

सिद्धीनं आईचा हात सोडला आणि ती कोमलच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मनीषामावशी विहिरीपाशी उभ्या असलेल्या रुक्मिणीकाकीकडे गेली. "रुक्मिणी, तुझ्या हातांना रोग नाही," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "घाण माझ्याच घरातली होती. मी चुकले. काम तुझंच, खोलीपण तुझीच. शेडला चारी बाजूंनी पत्रे ठोकल्याशिवाय दत्तूची मशीन चालणार नाही. आणि सोमवारी तुला डॉक्टरकडे मी नेणार."

रुक्मिणीकाकीनं तिच्याकडे पाहिलं, मग दोरीवरच्या लाल चादरींकडे.

"उद्यापासून धुतंय," ती म्हणाली. "पण आजच्यो मी धुवूचंय नाय. जेनी घाण केल्यान, तेनीच ती काढूची!"

मग काय! दत्तूमामाला धुणं धुवायच्या दगडाशी उभं केलं. मावशीनं स्वतः खुर्ची आणून रुक्मिणीकाकीला बसवलं आणि चहाचा कप हातात दिला.

"आपट! अजून आपट! कड रवली!"

"अगो, पाठ मोडली माझी!"

"मोडूंदे. दुसऱ्या पाण्यातून काढ!"

"नंतर निळीतूनही काढा हो!" पुण्याच्या बाई ओरडल्या, आणि तिघं हसून हसून जमिनीवर बसली.

रुक्मिणीकाकीचा चहा कधीच संपला होता. तरी ती खुर्चीवरून उठली नाही.