शर्वरीचे टक्के

म्हेत्र्यांच्या घरी निकाल रोज लागायचा. सकाळी सात वाजता, कढईत पोहे परतले जात असताना, शर्वरीच्या कमरेचा इन्सुलिन पंप अदबीने सांगायचा, "काल साखर मर्यादेत : बहात्तर टक्के वेळ."

पहिल्या दिवशी हे ऐकून योगेशने चहाचा कप खाली ठेवला. "फक्त बहात्तर?"

योगेश ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, आणि तेही लातुरात. बहात्तर हा आकडा त्या गावात मोठ्याने उच्चारत नाहीत. तो नातेवाइकांच्या मुलांना पडतो.

"पप्पा, माझ्या आजारात सत्तरला डिस्टिंक्शन असतं," शर्वरी पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाली. ती सोळा वर्षांची होती आणि तेव्हा अजून विनोद करायची.

पंप नवाच निघाला होता. जुन्या पंपाला दर जेवणाआधी सांगावं लागे, भाकरी किती, भात किती. आता मागच्या दाढेवर तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती बसवत. तिचं नाव दंतसंवेदक. घास तोंडात पडला की ती लाळेतून त्यातली साखर आणि पिष्ट ओळखायची, पंपाला कळवायची, आणि पंप त्याच क्षणी इन्सुलिन सोडायचा. माणसाने फक्त खायचं. निदान कल्पना तरी तशी होती.

डॉ. नाझनीन पटवेकरांनी आलेख पाहून मान डोलावली. "सत्तरच्या वर म्हणजे छानच. वाढीचं वय आहे, साखर वरखाली होणारच. पोरगी आहे सर, पाण्याची टाकी नव्हे."

"पण मॅडम, नव्वद शक्य आहे ना?"

"शक्य बरंच काही असतं. तुम्ही तिला पोटभर जेवू द्या."

योगेशने यातला 'शक्य' एवढाच शब्द घरी आणला. फ्रिजवर वेळापत्रक लागलं. त्यातून भात गेला, केळं गेलं, रविवारची जिलबी तर आधीच हद्दपार झाली. गावातही दूरदृष्टीच्या माणसांची वाण नव्हती. दोन महिन्यांत मधुमेही मुलांसाठी शर्करा-नियंत्रणाचे क्लास निघाले. पंच्याऐंशीच्या वरची मुलं 'अ' तुकडीत, बाकीची 'ब'मध्ये. 'क' तुकडी होती, पण तिच्याबद्दल पालक बोलत नसत.

शर्वरी एक्क्याऐंशीवर गेली, मग अठ्ठ्याऐंशी, मग चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णवला योगेशने तिच्या पाठीवर थाप मारली आणि प्रेमाने विचारलं, "उरलेले सहा कुठे सांडले?"

ती हसली नाही. तिने विनोद करणं कधी सोडलं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पंप ते मोजत नव्हता.

"अहो," एका दुपारी शर्वरीची आई प्रियांका सुईदोरा घेऊन योगेशसमोर बसली, "तिचा कुर्ता दुसऱ्यांदा आत घेतेय मी."

"वाढीचं वय आहे."

"वाढीच्या वयात शिवण उसवायची असते. मी घालतेय. डबा रिकामा येतो, पण क्लासच्या दारातलं कुत्रं बघा कसं गुबगुबीत झालंय."

"आलेख बघ ना तू. एक रेघ, सरळ. इतकी सरळ रेघ मला फळ्यावर काढता येत नाही."

रेघ सरळ होती हे खरंच. न खाणाऱ्याची साखर कशाला चढेल? पंपाचं काम साखर सांभाळण्याचं होतं. मुलीचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वर्षअखेरीला क्लासने गुणगौरव समारंभ ठेवला. शर्वरी नव्व्याण्णव टक्क्यांनी पहिली. शाल, श्रीफळ, आणि मग माइकवरून सूचना आली, "आता वडिलांनी मुलीला पेढा भरवावा."

मधुमेहाच्या समारंभात पेढा, हे कुणालाच खटकलं नाही. निकाल म्हटलं की पेढा. योगेशने अख्खा पेढा तिच्या तोंडात घातला. "सर, परत एकदा, इकडे बघून," फोटोग्राफर म्हणाला. योगेशने दुसराही घातला.

दाढेने आपलं काम केलं. पंपानेही केलं.

खाली खुर्चीत येऊन बसल्यावर शर्वरीने रुमाल तोंडाला लावला. आनंदाने रडतेय, असं योगेशला वाटलं. त्याचेही डोळे भरून आले.

प्रमुख पाहुणे शिस्तीवर बोलत असताना पंप म्हणाला, "साखर घसरते आहे. बासष्ट. इन्सुलिन थांबवलं आहे."

"अरेरे, बासष्टच?" मागून कुणीतरी हळहळलं.

शर्वरीच्या कपाळावर घाम होता, बोटं थरथरत होती. योगेशने तिची मूठ उघडली. रुमालात दोन्ही पेढे होते, चावलेले, न गिळलेले. पंपाने पेढ्यांसाठीचं इन्सुलिन देऊन टाकलं होतं, आणि दिलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही. अशा वेळी यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं, पण साठवायला तिने महिनोन्‌महिने काही ठेवलंच नव्हतं.

प्रियांका चहावाल्याकडे धावली आणि ग्लासभर पाण्यात साखर ढवळत आली. "पी, शर्वू."

शर्वरीने ओठ मिटून घेतले.

"चोपन्न," पंप म्हणाला.

"अगं पी ना!" योगेशचा आवाज चिरकला. पाहुणे बोलायचे थांबले.

"वर जाईल," ती पुटपुटली. तिची जीभ जड झाली होती. "खूप वर जाईल. नव्व्याण्णव राहणार नाहीत."

"चुलीत जाऊ देत ते टक्के! मला नकोत. चाळीस पडू देत, दहा पडू देत, तू पी आधी!"

सगळा हॉल हे ऐकत होता. पहिल्या रांगेतल्या काही पालकांनी मान खाली घातली; एकाने मात्र आपल्या मुलाच्या कमरेच्या पंपावरचा आकडा हळूच पाहून घेतला.

शर्वरीने ग्लास तोंडाला लावला. एक घोट, मग दुसरा. मग ती थांबली. अर्ध्या ग्लासावरून तिने बापाकडे पाहिलं, एखादं उत्तर बरोबर आहे की पाठ केलेलं आहे, हे ताडून पाहावं तसं.

"हे खरं बोलताय, पप्पा," तिने विचारलं, "की आत्ता मी थरथरतेय म्हणून?"