दारात उभा राहिलेला

आमच्या जावयांना सांडलेलं सांगायची सवय नाही. घरी दूध उतू गेलं तरी ओट्यावर फडकं टाकून मोकळे. वर आपणच विचारणार, "कसला हो वास येतोय?"

तर हे जावईबापू सध्या गावभर सांगत सुटलेत, की सासूबाईंच्या डोक्यात वास चढला आणि त्यांना भास झाला.

म्हणून लिहायला बसले. शाळा चौथीपर्यंतच झालीय, चुकलं तर पोटात घाला. पण भास म्हणायचं काम नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. रात्र नव्हती, काळोख नव्हता. रविवारची भर दुपार होती.

जावई कॉलेजात रसायनं शिकवतात. क्वार्टर आवारातच. मी लेकीकडे राहायला गेले होते. आम्ही दोघी बाहेरून आलो तर दाराला कुलूप आणि किल्ली जावयांच्या खिशात. फोन उचलेनात.

"लॅबमध्ये असतील, आई. चल, किल्ली घेऊन येऊ."

कॉलेजच्या खालच्या मजल्यावर पंखा घरघरत होता. कबुतरं घुमत होती. वरच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि...

सगळं गप्प.

लांब बोळ. टोकाला लॅबचं दार सताड उघडं. नाकात असा झणका बसला की डोळ्यांतून पाणी. लेकीला लहानपणापासून दमा. ती तिथेच खोकायला लागली.

"खाली उतर," मी म्हटलं.

तिने परत फोन लावला.

फोन वाजला... आतमध्ये.

वाजतोय, वाजतोय. कोणी उचलेना.

"आई, हे आत पडलेत!"

तोंडाला रुमाल लावून ती धावली. मी तिच्यामागे.

आणि दारात कोणीतरी उभं होतं.

आत्तापर्यंत नव्हतं. आता होतं.

डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट. तोंडावर काच. जाड हातमोजे. दोन्ही हात पसरून चौकट अडवलेली.

"बाजूला व्हा हो! माझे मिस्टर आहेत आत!"

हलला नाही.

माझं टाळकं सटकलं. "अरे ए खांबा! आत माणूस मरतोय आणि तू दार कसलं अडवतोस? बहिरा आहेस का?"

मी हातातली छत्री उचलली.

टोक त्याच्या पोटात खुपसलं.

टोक आत गेलं...

जातच राहिलं.

आत पोट नव्हतंच.

मग मी काचेकडे पाहिलं. मला चष्मा आहे. तोंडाला रुमाल बांधला की माझ्या काचा लगेच धुरकटतात. याची काच लख्ख होती. श्वासाचा ठिपका नाही. तिच्यात फक्त माझंच तोंड.

त्याने एक हात सावकाश वळवला. भिंतीकडे दाखवलं.

लाल बटण होतं. मी दाबलं. घंटा ठणाणा वाजायला लागली.

वळून बघते तर... तो नाही.

पण सताड उघडं असलेलं दार आता बंद होतं.

लेकीला दंडाला धरून मी फरफटत खाली आणलं. रडत होती, मला शिव्या घालत होती. घालू दे म्हटलं.

कॉलेजची सुरक्षावाली बाई दोन माणसं घेऊन आली. त्यांनीही तसलेच सूट चढवले. पण यांच्या काचांवर लगेच वाफ धरली. श्वासाची फुसफूस चालली होती. जिवंत माणसाचं असंच असतं.

वर जाऊन आले. "आत कोणी नाही. ॲसिडची बाटली फुटलीय आणि त्यावर कोणीतरी ब्लीच ओतलंय. दोन्ही मिळून विषारी वायू झालाय." बाईने लेकीकडे पाहिलं. "हिच्यासारखी दमेकरी दोन मिनिटं आत राहिली असती ना, आजी..." मग रागानेच म्हणाली, "सांडलं की सगळ्यांना बाहेर काढायचं, दार ओढून घ्यायचं, आम्हाला कळवायचं. आम्ही येईपर्यंत कोणाला आत जाऊ द्यायचं नाही. एवढंच तर असतं!"

"तुमचा माणूस होता की दारात. त्यानेच अडवलं."

"आमचा? आम्ही आत्ता येतोय."

तेवढ्यात जावईबापू उगवले. कँटीनमधून. मिशीला चहा.

"एवढं काय त्यात? थोडंसं तर सांडलं होतं. वास मरावा म्हणून ब्लीच टाकलं, दार उघडं ठेवलं. उगाच बोभाटा कशाला? सोमवारपर्यंत उडून गेलं असतं."

"आणि फोन?" मी विचारलं.

"घाईत राहिला."

कोंबडं झाकणारे पुष्कळ पाहिले. पण टोपलीखाली बायकोलाच घालणारे हे पहिले.

संध्याकाळी हवा साफ झाल्यावर बाईने मला वर नेलं. लॅबचं कपाट उघडलं. "या मजल्यावर एकच सूट आहे, आजी. बघा, पिशवीचं सीलसुद्धा तुटलेलं नाही."

नव्हतंच तुटलेलं.

पण पारदर्शक पिशवीतून दिसत होतं, सुटाच्या पोटाशी छत्रीच्या टोकाएवढा खळगा होता.

आणि काचेवर, आतल्या बाजूने... वाफ.

कोणीतरी इतका वेळ रोखून धरलेला श्वास आत्ता सोडावा, तशी.

बाईने कपाट लावलं. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

तो कोण, कधीपासून तिथे आहे, कोणाची वाट बघतोय... मला ठाऊक नाही. अजूनही बंद दारापुढे गेले की माझा हात कडीवर अडतो. पलीकडे कोणी हात पसरून उभं असलं तर?

काल रात्री घरी पाहुणे होते. जेवताना जावयांनी पुन्हा काढलंच, "आमच्या सासूबाईंना दुपारी भुतं दिसतात!" सगळे हसले. लेक तेवढी खाली मान घालून बसली होती. दम्याचा पंप आता ताटाशेजारी ठेवते ती.

मी हातातला घास खाली ठेवला. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले,

"जावईबापू, त्याला पोट नव्हतं, श्वास नव्हता, तरी माझ्या लेकीसाठी तो दारात उभा राहिला. तुम्हाला दोन्ही आहे, आणि तुम्ही चहा ढोसत बसलात. तुम्हा दोघांतला मेलेला तो नव्हे."