भारस्मृती

मिरजेबाहेर, कृष्णाघाटाच्या वाटेवरील चयापचय संशोधन मंदिरात वजनकाट्यावर उभे राहण्याची एक शिस्त होती. पादत्राणे बाहेर, श्वास सहज आणि दृष्टी समोरच्या भिंतीवर. आकडा वाचण्याचा अधिकार केवळ संचालिका डॉ. प्रभावती कारखानीस यांचा. त्या सकाळी काट्यावर त्यांचा स्वतःचा मुलगा हेरंब उभा होता, आणि त्यालाही या शिस्तीतून सूट नव्हती.

"एक्याऐंशी," प्रभावतीबाई म्हणाल्या. "उतर."

दीड वर्षापूर्वी हाच आकडा एकशे एकतीस होता. हेरंबचे वडील ज्या हृदयविकाराने ऐन चाळिशीत गेले, त्याचीच चिन्हे मुलात दिसू लागली होती, आणि हे ओझे उतरले नाही तर तोही त्याच वयात जाईल, असे हृदयतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले होते. पतीचा मृत्यू बाईंनी ताठ मानेने सोसला होता. मुलाचा सोसण्याची त्यांची तयारी नव्हती.

वजन उतरवण्यासाठी त्यांनी औषध दिले नाही. औषधाने उतरलेले वजन उसने असते, असे त्यांचे ठाम मत होते. ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, ताक. साखर पूर्ण बंद. ताटात एकदाच वाढून घ्यायचे, सावकाश चावून खायचे आणि दिवेलागणीपूर्वी उरकायचे. पहाटे नदीकाठाने चालणे, आधी रमतगमत, पुढे दम लागेल इतके; आणि चरबीबरोबर स्नायू झडू नयेत म्हणून दिवसाआड वजने उचलणे. चोरून खाल्लेली जिलेबीसुद्धा मुलाच्या चेहऱ्यावरून त्या ओळखत.

हे सारे हेरंबने पूर्वीही तीनदा केले होते. तिन्ही वेळा वजन उतरले, आणि तिन्ही वेळा ते अधिक सोबती घेऊन परत आले. पथ्य मोडले म्हणून आले, असे नातेवाईक म्हणत. ते तितकेसे खरे नव्हते, हे बाईंचे सहकारी डॉ. नासिर मुजावर यांनी त्या दिवशी त्याला समजावून सांगितले.

माणूस बारीक होतो तेव्हा चरबीच्या पेशी मरत नाहीत, केवळ रिकाम्या होतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका केंद्रात शरीराच्या नेहमीच्या वजनाची खूण असते. तिला या संस्थेत 'भारस्मृती' म्हणत. वजन या खुणेखाली गेले की मेंदू ते नुकसान समजतो. भूक वाढवतो, शरीराची ऊब कमी करतो, नकळत होणारी हालचाल आवरतो. माणूस निग्रहाने काही काळ झुंजतो. मेंदू मात्र जन्मभर झुंजू शकतो.

"म्हणजे मी हरणारच," हेरंब म्हणाला.

"आजवर सगळेच हरले," मुजावर म्हणाले. "म्हणून आम्ही खूणच बदलणार."

संस्थेने एक जंतू घडवला होता. त्याचे नाव भारधर. जिभेच्या मुळापासून आतड्यापर्यंत तो वस्ती करतो आणि त्याने निर्माण केलेले द्रव्य रक्तातून त्या केंद्रापर्यंत पोहोचते. वस्ती होते त्या सुमारास जे वजन असेल, तेच आपले मूळ वजन, अशी छाप मेंदूवर उमटते. पुढे मेंदू त्याचेच रक्षण करतो, कमी होऊ देत नाही आणि वाढूही देत नाही. ही छाप एकदाच उमटते. छाप उमटलेल्या उंदरांमधले जंतू पुढे मारून पाहिले, तरी वजन ढळले नाही. पुन्हा नवे जंतू देऊन पाहिले, तरी दुसरी छाप बसली नाही. या कायमपणाचा बाईंना सर्वांत मोठा अभिमान होता.

"आई, म्हणजे तू मला लोणच्यासारखा बरणीत घालून ठेवणार."

"लोणचंसुद्धा मुरायला शांत राहावं लागतं," बाई म्हणाल्या. "बडबड कमी कर."

मुजावरांची एक शंका उरली होती. जंतू तोंडातही राहणार. मग उष्ट्यातून घरातल्या इतरांकडे गेला तर?

"जाऊ दे की. राहणार कुठं?" बाई म्हणाल्या. "मोठ्या माणसाचं आतडं जंतूंनी गजबजलेलं असतं. भरल्या पंगतीत उशिरा आलेल्याला पाट मिळत नाही, नासिर. म्हणून तर याचं आतडं आपण आधी रिकामं करतो आहोत."

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. संस्थेतील सर्वांनी आतडे रिकामे न करता ते जंतू पिऊन पाहिले होते. कोणातही ते टिकले नव्हते. मुजावरांनी मान डोलावली आणि हेरंबला भारधर देण्यात आला.

प्रयोग पूर्णपणे यशस्वी झाला. वर्ष उलटले तरी काटा एक्याऐंशीवरून हलला नाही. हेरंब लग्नाच्या पंगतीत जेवे. हवे तेवढे झाले की मन आपोआप ताटावरून उठे. त्याच्या चेहऱ्यावर एक शांत तृप्ती आली, जी बाईंनी त्याच्या लहानपणानंतर पाहिली नव्हती. हृदयतज्ज्ञांनी गोळ्या थांबवल्या. काही दिवस प्रभावतीबाई रस्त्याने चालत तेव्हा काळाकडून आपले काहीतरी परत मिळवलेल्या स्त्रीसारख्या चालत.

त्याच सुमारास त्यांची नात, मुलगी वैजयंतीची शाल्मली, सहा महिन्यांची झाली. दूध सोडून तिने अद्याप काहीच खाल्ले नव्हते. वैजयंतीचा विचार घरच्या घरी भाताची पेज भरवण्याचा होता. बाईंनी तो मोडून काढला. कारखानिसांच्या नातवंडाचे उष्टावण मामाच्या हातूनच, चांदीच्या वाटीतल्या खिरीने होईल, असे त्यांनी सांगितले, आणि विषय संपला.

शाल्मली पाटावर बसलेल्या आजीच्या मांडीवर होती. हेरंबला वडिलांचे रेशमी सोवळे प्रथमच नेसता आले होते. खीर नुकतीच उतरवलेली होती. वाफ पाहून बाई म्हणाल्या, "पोळेल तिला. आधी तू चाख."

हेरंबने चमचा ओठांना लावला, जिभेच्या टोकावर खीर घेतली, ठीक आहे म्हणून मान हलवली आणि त्याच चमच्याने भाचीला भरवली. खिरीवर पहिला हक्क अजून मामाचाच, असे कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. शाल्मलीने मिटक्या मारल्या. त्या सकाळी तिचे वजन सव्वासात किलो भरले होते.

पुढे ते वाढले नाही.

आधी दात येत असतील असे वाटले, मग ऋतू बदलला म्हणून असेल असे. बालरोगतज्ज्ञांना आजार सापडला नाही. मूल आनंदी होते, रांगत होते, दिवसभर हातपाय झाडत होते. चार घास खाऊन तोंड फिरवी आणि हसे. महिन्यांमागून महिने गेले तरी काटा सव्वासातला चिकटून राहिला, तेव्हा वैजयंती तिला घेऊन मिरजेस आली.

प्रभावतीबाईंनी तिला स्वतः भरवायला घेतले. चौथ्या घासानंतर शाल्मलीने चमचा बाजूला सारला. तिच्या चेहऱ्यावर तीच शांत तृप्ती होती. बाईंनी चमचा खाली ठेवला. रक्ताचा थेंब घेताना त्यांचा हात स्थिर होता. तपासणीत काय सापडेल, हे त्यांना आधीच कळले होते.

भारधराचे द्रव्य सापडले.

"हिला पाट कसा मिळाला, बाई?" मुजावरांनी विचारले. ते बाईंकडे पाहत नव्हते.

"मोठ्यांच्या आतड्यात पंगत भरलेली असते," त्या म्हणाल्या. "हिची त्या दिवशी मांडली जात होती. पहिला पाट मीच दिला."

जंतू त्याच दिवशी मारता येणार होते. ते मारलेही गेले. त्याचा उपयोग होणार नाही, हे उंदरांनी कधीच सिद्ध केले होते. शाल्मलीच्या मेंदूच्या लेखी तिची वाढ पूर्ण झाली होती.

हेरंबला हे कळले तेव्हा त्याने अन्न सोडले. चार दिवस कोणाचे ऐकले नाही. पाचव्या दिवशी त्याच्या नव्या भारस्मृतीने त्याला स्वयंपाकघरात नेले. तो रडत जेवला, आणि काटा पुन्हा एक्याऐंशीवर येऊन थांबला.

उपाय एकच उरला होता, आणि तो बाईंना सर्वांहून अधिक चांगला ठाऊक होता. मेंदूच्या खुणेविरुद्ध निग्रहाने काही काळ जाता येते: आहाराने आणि व्यायामाने. फक्त दिशा उलटी. त्यांनी पथ्य ठरवले. लोणी, अंड्याचा बलक, तुपातला शिरा, केळे. भूक नसताना भरवायचे, तोंड फिरवले तरी भरवायचे. आणि हालचाल शक्य तेवढी कमी. वैजयंती मुलीला कडेवर घेऊन घास कोंबत राही. शाल्मली रडे, ओकारी काढी, पुन्हा घास घेई. पाव किलो चढे. मग अंग तापे, हातपाय रात्रंदिवस थांबेनासे होत, आणि पाव किलो उतरे. हे किती वर्षे चालवता येईल, हा प्रश्न मायलेकी एकमेकींना विचारत नसत. हरणारे शेवटी कोण असते, हे मुजावरांनी याच संस्थेत हेरंबला सांगितले होते.

एका सकाळी शाल्मली प्रयोगशाळेत वजनकाट्याच्या दांड्याला धरून उभी राहिली. खिडकीतून नदीकाठची वाट दिसत होती. बाईंनी चालायला लावलेली माणसे, नेमून दिलेल्या वेगाने, तिथून चालली होती. आजीला पाहून शाल्मलीने दांडा सोडला आणि एक पाऊल टाकले. मग दुसरे.

"आई, उचल तिला," वैजयंती दारातून म्हणाली. तिच्या हातात लोण्याची वाटी होती. "चालायला लागली तर काहीच अंगी राहणार नाही."

प्रभावतीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी नातीला उचलून घट्ट धरले. ती वाढत्या मुलासारखी जड नव्हती. तिचे पाय मात्र थांबले नाहीत. ते हवेतच, एकामागून एक, चालत राहिले.