मराठीतलं खलास

बहरीनमध्ये, माहूजच्या चौकात, भर दुपारी, सिग्नल हिरवा झाला आणि संघप्रियाची व्हॅन बंद पडली.

मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता गिल्ला केला. नर्सरीची मुलं नुकतीच घरोघर सोडून झाली होती, तेवढंच नशीब. तिने चावी फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली, शेवटी स्टिअरिंगवर एक चापट ठेवून दिली.

"मर मग इथंच! काहून छळून राहिली मले?"

"तिला कसं कळायचं मराठी?" खिडकीशी कुणीतरी म्हणालं. "जपानी हाय ती."

निळ्या डांगरीतला एक उंच तरुण उभा होता. हातात गरम खुबूस रोट्यांची पिशवी, आणि चेहऱ्यावर न मागितलेलं हसू.

"हसून काय राहिले तुम्ही? ढकला नं!"

त्याने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "हे धरा. माझं जेवण हाय, संपवू नका."

व्हॅन कडेला लागली. घाम पुसत तो खिडकीशी आला आणि पिशवीत डोकावला.

"एक कमी हाय."

"मोजून आणल्या होत्या काय?"

"आणल्या होत्या," तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटली. बहरीनमध्ये आल्यापासून इतकं मोकळं हसल्याचं संघप्रियाला काही आठवेना.

तो प्रज्योत. मूळचा कराडकडचा, जिदहफ्सच्या बाजारामागे एका गॅरेजात ऑटो इलेक्ट्रिशियन. ती नागपूरची. हूरा भागात मावसबहिणीकडे, श्रावस्तीताईकडे राहायची आणि खदिजाबाईंच्या नर्सरीत काम करायची. इथे येऊन तिने मोठ्या जिद्दीने लायसन काढलं होतं, म्हणून तर व्हॅनची किल्ली तिच्या हाती आली होती. व्हॅनचं वय झालेलं होतं, पण संघप्रियाचा तिच्यावर जीव होता.

त्या दुपारनंतर व्हॅनला बंद पडायची चटकच लागली. सकाळी गुणी बाळासारखी चालायची. ऊन चढलं की मान टाकायची. एकदा मुलं आत असताना बंद पडली, आणि आयांचे फोन खणखणू लागले.

खदिजाबाई मनाने चांगल्या, पण हिशेबाला सरळ. त्यांनी तिला ऑफिसात बोलावलं.

"देखो संघप्रिया, बच्चा लोग गर्मी में रास्ते पे? मफी, नहीं चलेगा! एक बसवाला तैयार है, उसका अपना ड्रायवर है. ये हफ्ते में व्हॅन ठीक हुआ तो ठीक, नहीं तो मैं उसको हाँ बोलेगी."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. व्हॅन गेली की ड्रायव्हर गेली, ड्रायव्हर गेली की व्हिसा गेला. मग नागपूरचं तिकीट. संघप्रियाच्या तोंडचं पाणी पळालं.

प्रज्योतने आधी कॉइल बदलली, मग पेट्रोलचा पंप. "आता बघा, पळतीय का न्हाई," असं छातीवर हात ठेवून म्हणाला, आणि दुसऱ्याच दुपारी व्हॅन पुन्हा माहूजमध्ये उभी.

"चुकलं माझं," तो म्हणाला. सबब नाही, सारवासारव नाही. गॅरेजवाल्याच्या तोंडी हा शब्द तिने पहिल्यांदाच ऐकला होता. तिला खूप रागवायचं होतं, पण राग काही येईना. हे काही बरं लक्षण नाही, एवढं तिला कळलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "चावी फिरवली का तो पिवळा दिवा लागते नं, एंजिनच्या चित्राचा? ही बंद पडली का तो लागतच नाही. दारं उघडी ठेवली, जरा गार झाली, का लागते. अन् मग चालूही होते."

प्रज्योत तिच्याकडे बघतच राहिला.

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

संध्याकाळी त्याचा तिच्या घरी फोन आला. घसा खाकरून तो म्हणाला, "तुमच्याकडं... ते केस वाळवायचं मशीन हाय का?"

संघप्रियाने रिसीव्हर कानापासून दूर धरून एकदा रिसीव्हरकडेच पाहिलं. "माझ्या केसांशी तुमाले काय करायचं?"

"केसांशी न्हाई... म्हणजे, केस छानच हाईत... पण काम कॉम्प्युटरशी हाय."

"व्हॅनमध्ये कॉम्प्युटर?"

होता. शेजारच्या सीटखाली, पत्र्याची चपटी पेटी. एंजिनला ठिणगी कधी द्यायची, पेट्रोल किती सोडायचं, हे सगळं ती पेटी ठरवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, प्रज्योतने आधी पेटीकडे जाणाऱ्या वायरी तपासल्या. करंट नीट पोचत होता, अर्थिंगही पक्कं होतं. मग त्याने एंजिन चालू ठेवलं आणि सीट उचलून पेटीवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडली. संघप्रिया शेजारी उकिडवी बसून बघत होती. एंजिन गुरगुरत होतं... गुरगुरत होतं... आणि खटकन बंद पडलं. चावी फिरवली, पिवळा दिवा नाही. त्याने बर्फाची पिशवी पेटीवर ठेवली आणि दोघं श्वास रोखून वाट बघू लागली. थोड्या वेळाने चावी फिरवली. दिवा लागला.

"सापडली!" संघप्रिया ओरडली आणि आनंदाच्या भरात तिने त्याचा हात धरला. सोडायचं तिच्या जरा उशिराच लक्षात आलं. त्याच्या तर आलंच नाही.

पेटी उघडली तर आत चार-दोन पार्टांमधलं रसायन गळलेलं, खालचा सर्किट बोर्ड हिरवट पडून खाल्लेला. डागडुजीची आशा नव्हती. जुन्या मॉडेलची नवी पेटी बहरीनमध्ये मिळत नव्हती. भंगारातल्या गाडीतून तशीच, त्याच नंबरची शोधायची होती. पहिली मिळाली ती बसवताच एंजिन धापा टाकू लागलं. लेबलवरचं शेवटचं अक्षर वेगळं होतं: ती ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीची. दिवस सरत होते. संघप्रिया उसनी गाडी चालवून मुलं सोडायची आणि तिथून थेट जिदहफ्सला जायची. बहाणा चौकशीचा. प्रज्योत भंगारवाल्यांकडून उन्हात रापून यायचा, ती त्याला ताक द्यायची, आणि मग कराडचं ताक चांगलं की नागपूरचं यावर दोघं कडाकडा भांडायची.

आठवडा संपत आला. दुपारी नर्सरीत फोन वाजला.

"संघप्रिया? प्रज्योत बोलतोय. तुमची गाडी खलास!" मागे हातोडीची ठोकाठोक चालली होती. "आणि... आणि अजून एक..." पुढे नुसताच श्वास ऐकू आला, आणि फोन ठेवला गेला.

संघप्रिया मटकन खुर्चीत बसली. गाडी खलास. संपलं सगळं. आणि 'अजून एक' म्हणजे काय, तर दिलगिरी, दुसरं काय! ती जड पायांनी खदिजाबाईंकडे गेली.

"मॅडम, व्हॅन गया. बसवाले को हाँ बोल दो."

"क्या बोला मेकॅनिक?"

"बोला, खलास."

"खलास?" बाईंचा चेहरा उजळला. "तो अच्छा है ना! काम खलास, गाडी तैयार!"

"नहीं मॅडम. हमारे भाषा में खलास मतलब... मर गया."

"हबीबती, वो अरबी में बोला."

"मराठी में बोला! मेरे से वो मराठी में ही बोलता है."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. बाजारात, टॅक्सीत, दुकानात, दिवसातून कितीदा तरी तो शब्द हिच्या कानावर पडत असणार, आणि तेव्हा तो हिला बरोबर कळत असणार. फक्त त्या एका माणसाच्या तोंडून आला की तो मराठी होतो! बाईंच्या ओठांवर हसू आलं, पण त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "बसवाला चार बजे आएगा. जाओ, देखके आओ. यल्ला!"

टॅक्सीत तिने पदराने... छे, ओढणीने डोळे पुसले. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि रेडिओचा आवाज बिचाऱ्याने आपणहून कमी केला.

गॅरेजच्या दारात व्हॅन चालू होती. एंजिन एका लयीत, शांत. तळपत्या उन्हात, काचा लावून, आत प्रज्योत घामाने निथळत बसला होता. तिला पाहून तो खाली उतरला.

"दुसरी पेटी मिळाली, सगळा नंबर जुळला. सकाळपासून उन्हात तापवतोय, बंद पडायचं नाव न्हाई. ...रडताय का तुम्ही?"

"गाडी खलास म्हणाले नं तुम्ही!"

"झाली की! खलास!"

"मराठी माणसाले असं सांगतात काय?"

त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला क्षणभर लागला. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला. "आई शप्पथ... इतकी वर्षं हितं काढली, आता कुठला शब्द कुणाचा ते कळंनासं झालंय."

ती चालवायला बसली, तो शेजारी. जिदहफ्सहून माहूजपर्यंत दोघांचं लक्ष एंजिनच्या आवाजाकडे, निदान तसं दाखवत तरी होती. चौकात सिग्नल लाल होता. मग हिरवा झाला. व्हॅन सरळ पुढे निघाली, आणि संघप्रियाचा जीव भांड्यात पडला.

नर्सरीच्या फाटकात खदिजाबाई बाहेर आल्या. त्यांनी बॉनेटवर हात ठेवून चटका घेतला, एंजिन ऐकलं, प्रज्योतला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बसवाले को मना करती हूँ," म्हणाल्या आणि आत गेल्या.

नोकरी राहिली होती. व्हिसा राहिला होता. संघप्रियाने नाचायला हवं होतं, पण ती स्टिअरिंगला धरून नुसतीच बसली.

"निघतो मग," प्रज्योतने दार उघडलं. "आता काही त्रास न्हाई द्यायची. यायची गरज पडणार न्हाई तुम्हाला..."

"फोनवर अजून एक काय होतं?"

"ते... काही न्हाई." त्याचा एक पाय खाली टेकलेला. "धीर झाला न्हाई."

"मग माझं ऐका. मी टॅक्सीत रडत आले. व्हिसा जाणार म्हणून नाही." ती समोरच्या काचेकडे बघत बोलत होती. "व्हिसा तर मले आठवलाही नाही. नागपूरले गेले तर तू दिसणार नाहीस, एवढंच डोक्यात होतं."

'तू' तिच्या तोंडून निघून गेला होता. तिने तो परत घेतला नाही.

प्रज्योतने खाली टेकलेला पाय वर घेतला आणि दार ओढून लावलं.

"मला तेच सांगायचं होतं," तो म्हणाला. "तुझ्याइतकं नीट जमलं नसतं. ...शुक्रवारी घरी येऊ? श्रावस्तीताईंशी बोलायला?"

"ये," संघप्रिया म्हणाली. "जेवायलाच ये."